शिकागोपलीकडची अमेरिका

११ सप्टेंबर १८९३ ही तारीख आपल्या घरांतील शाळकरी मुलांनाही सांगावी लागत नाही. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलावयास उभे राहिले आणि एका पराधीन देशाचा आवाज जगाने कान देऊन ऐकला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. ती सांगितलीच पाहिजे. परंतु ज्या भूमीवर हा प्रसंग घडला, त्या भूमीची त्या वर्षीची अवस्था काय होती, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आपल्या मनःचक्षूंसमोरची अमेरिका त्या काळीही वैभवसंपन्न आणि तृप्तच असते. प्रत्यक्षातील अमेरिका तशी नव्हती. ती कशी होती, हे धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातील वाचकाने जाणून घेण्यास एक विशेष कारण आहे, आणि म्हणूनच या स्तंभातून त्या शतकाच्या अखेरच्या काही दशकांकडे वळण्याचे योजले आहे.

ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ही परिषद भरली, ते १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ या काळात चालले. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्याची चारशे वर्षे साजरी करण्यासाठी मिशिगन सरोवराकाठी शुभ्र प्रासादांची एक नगरीच उभारली होती. विजेच्या दिव्यांचा तो झगमगाट पाहून प्रेक्षक दिपून जात. मात्र प्रदर्शन उघडण्यापूर्वीच, फेब्रुवारीत, फिलाडेल्फिया अँड रीडिंग ही बलाढ्य रेल्वे कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. वर्ष सरेपर्यंत सुमारे ५०० बँका आणि १५,००० व्यवसाय बुडाले. प्रदर्शन संपले, हिवाळा आला, आणि त्याच शिकागोत काम गमावलेली माणसे पोलीस ठाण्यांत आणि नगरभवनाच्या सोप्यांत रात्र काढू लागली.

या अरिष्टाचा एक धागा थेट आपल्या देशाशी जुळलेला आहे. त्या काळचा आपला रुपया म्हणजे एक तोळा वजनाचे चांदीचे नाणे. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. स्वामीजी मुंबईहून निघून अमेरिकेच्या वाटेवर असतानाच, २६ जून १८९३ रोजी, इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. जगातील चांदीचा एक मोठा गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसा झाला. चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोतील खाणी बंद पडल्या, आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावून सरकारी चांदी खरेदीचा कायदा त्याच वर्षी रद्द करवून घेतला. लंडनमधील निर्णय, मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी आणि कोलोरॅडोतील खाणकामगार यांची गाठ अशी पडली होती. आपल्याकडील शेतकऱ्याचे काय झाले? त्याची सारी शिल्लक बायकोच्या अंगावरील चांदीच्या रूपात असे. टांकसाळीचे दार बंद झाल्यावर त्या चांदीचे रुपयातील मोल घटले. साऱ्याचा आकडा मात्र रुपयांतच होता, आणि तो जसाच्या तसा राहिला. त्यानंतर तीनच वर्षांनी १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पुढे १८९९-१९०० चा. पाटल्या-वाळे मोडीला काढणाऱ्यांच्या हाती किती कमी आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता थोडे मागे जाऊ. अमेरिकेतील यादवी युद्ध एप्रिल १८६१ मध्ये सुरू झाले आणि लिंकन यांच्या सरकारने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मुख्य स्रोत आटला. इंग्रजांचे लक्ष वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे गेले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि जुलैमध्ये मुंबईचा तो डोलारा कोसळला. मुंबईच्या शेठजींची कथा सर्वांना ठाऊक असते. खेड्यातील कथा अधिक सावकाश घडली आणि म्हणूनच ती कमी सांगितली जाते.

भाव चढे होते तेव्हा सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. सरकारने त्याच भरभराटीकडे बोट दाखवून पुणे आणि नगर भागांत जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी केली. भाव उतरले, सारा मात्र चढाच राहिला आणि कर्ज व्याजासह वाढत गेले. नव्या न्यायालयांत सावकाराच्या वहीतील आकडा पुरावा ठरे, अंगठा उठवणाऱ्या कुणब्याचे तोंडी म्हणणे ठरत नसे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकाराशी व्यवहार बंद केले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. चौकशी समितीच्या नोंदीत एक गोष्ट लक्षणीय आहे. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे होते, लोकांना हवे होते ते खत आणि वही. ती मिळाली की जाळली जाई आणि जमाव पांगे. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जखताच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता.

सोलापूर जिल्ह्याच्या, म्हणजे बार्शीच्या, हद्दीवर तो कायदा थांबत होता. हद्दीपलीकडे आजचा धाराशिव जिल्हा, तेव्हाचा नळदुर्ग, निजामाच्या अमलाखाली होता. या जिल्ह्याच्या इतिहासातील एक विलक्षण बाब येथे नोंदवली पाहिजे. हा जिल्हाच एकदा कर्जापोटी अडकलेला होता! हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला. नळदुर्गच्या कारभारावर मेडोज टेलर या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १८५७ नंतरच्या, डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. त्या तहाच्या इंग्रजी मसुद्यातही नाव धाराशिवचेच आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते. सुमारे ५० लाखांचे देणे माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. वऱ्हाडात कापूस होता, आपल्याकडे मुख्यतः ज्वारी. चारच महिन्यांनी अमेरिकेत तोफा धडाडल्या आणि इंग्रजांनी राखलेला प्रदेश किती मोलाचा होता, हे सिद्ध झाले. जिल्हे गहाण पडतात आणि सुटतात, त्यांत तेथील कुणब्याला कोणी विचारत नाही.

आणि तरीही दूरच्या बाजारपेठेशी आपला संबंध इंग्रजांनी जोडला, असे कोणी समजू नये. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात इसवी सनाच्या पहिल्या शतकातील त्याचा उल्लेख आहे. तगराहून गाड्या भरून भडोचला जाई ते विणलेले कापड आणि मलमल. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी पक्का माल निर्यात करणारा हा देश १८६० च्या दशकात कच्च्या कापसाच्या गाठी पाठवून तेच कापड विकत घेऊ लागला होता. वऱ्हाडातील आगगाडीचे फाटे गाठी बंदराकडे नेण्यासाठीच पडले.

ही झाली आपली बाजू. प्रश्न असा की, ज्यांच्या कापसाने आपला भाव पाडला, ते अमेरिकन शेतकरी तरी सुखी झाले होते काय?

मुळीच नाही. युद्धाने दक्षिणेतील गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्याकडे त्या घटनेची दखल महात्मा जोतीराव फुले यांनी घेतली आणि १८७३ मधील 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पुढे त्यांनीच 'शेतकऱ्याचा असूड' लिहून आपल्या कुणब्याची कैफियत मांडली. परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाला जमीन मिळाली नाही. तो वाटेकरी झाला, आणि युद्धात उद्‌ध्वस्त झालेला गरीब गोरा शेतकरीही हळूहळू त्याच वाटेने गेला. दक्षिणेत बँका जवळजवळ नव्हत्याच. गावचा दुकानदार पीठ, मांस, अवजारे, बी-बियाणे उधारीवर देई आणि त्या बदल्यात उभ्या पिकावर बोजा चढवी. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन किमती असत, एक रोखीची आणि दुसरी उधारीची. कापूस वेचून झाला की तो दुकानदाराकडेच न्यावयाचा, हिशेब त्याच्याच वहीत, आणि वर्षाअखेरीस बाकी शिल्लकच. शिवाय दुकानदाराची अट अशी की, पुढील वर्षीही कापूसच लावला पाहिजे, कारण त्याचे रोख पैसे होतात. खाण्याचे धान्य मग त्याच्याच दुकानातून उधार घ्यावे लागे. सुप्याच्या कुणब्याला हे सारे समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

पश्चिमेकडील पठारी राज्यांत चित्र वेगळे आणि शेवट तोच. १८६२ च्या कायद्याने कुटुंबामागे १६० एकर जमीन नाममात्र खर्चात मिळत होती. मूळच्या रहिवाशांना हुसकावून ही जमीन मोकळी केली गेली, हे आपण विसरता कामा नये. डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी येथे सू जमातीच्या स्त्री-पुरुष-मुलांची जी कत्तल झाली, ती याच कहाणीचे एक रक्तरंजित पान आहे. नव्या शेतकऱ्याने घर, बैल-घोडे आणि यंत्रे यांसाठी कर्ज काढले. १८८७ पासून पाऊस हटला. एकट्या कन्सास राज्यात १८८९ ते १८९३ या काळात ११,००० हून अधिक शेतांवर जप्ती आली. पाऊस झाला तरी सुटका नव्हती, कारण मग भाव पडत. १८८९-९० च्या हिवाळ्यात तेथील शेतकऱ्यांनी चुलीत मका जाळला, कोळशापेक्षा तो स्वस्त पडत होता म्हणून. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०० च्या दुष्काळात, अमेरिकन जनतेच्या वर्गणीतून जमलेला सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन 'क्विटो' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईस आले. ते धान्य म्हणजे पाच हजार टन. देणाऱ्यांच्या भूतदयेविषयी कृतज्ञताच असावी. परंतु एकीकडे पिकवणारा धान्य जाळतो आणि दुसरीकडे पिकवणारा धान्यावाचून मरतो, ही एकाच काळातील, एकाच व्यवस्थेतील दोन दृश्ये आहेत.

भाव का पडत होते? एक तर पेरा वाढत होता आणि दुसरे म्हणजे, १८७३ मध्ये अमेरिकेने चांदीचे नाणे पाडणे थांबवून सोन्याची कास धरली होती. पैसा दुर्मीळ झाला की तो महाग होतो आणि वस्तू स्वस्त होतात. १८७० च्या सुमारास बुशेलला डॉलरभर भाव असलेला गहू १८९४ मध्ये अर्ध्या डॉलरच्या आसपास आला. कापूस पौंडाला पाच सेंटच्याही खाली गेला. हजार डॉलरचे कर्ज कागदावर हजारच राहिले, पण ते फेडण्यासाठी दुप्पट पोती लागू लागली. त्यात रेल्वेचे भाडे आणि धान्यकोठारांचे शुल्क यांवर मूठभर कंपन्यांची मक्तेदारी. शिकागो हे त्या धान्यव्यापाराचे केंद्र होते. ज्या नगरीत धर्मपरिषद भरली, तिच्या आगगाडीच्या रुळांलगत गगनाला भिडणारी धान्यकोठारे उभी होती, आणि त्यांच्या मालकांनी दर आपसांत ठरवून घेतले होते.

अमेरिकन शेतकऱ्याने यावर काय केले, हा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. १८६७ मध्ये 'ग्रेंज' ही शेतकऱ्यांची संघटना निघाली. तिच्या रेट्यामुळे इलिनॉय राज्याने कोठारांच्या दरांवर मर्यादा घातली. शिकागोचे कोठारमालक मन यांनी त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागितली. १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जो व्यवसाय लोकहिताशी निगडित आहे, त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार समाजाला आहे. दहा वर्षांनी रेल्वेवर देखरेख करणारा राष्ट्रीय कायदा आला.

दुसरी लाट टेक्सासमधून उठली. 'फार्मर्स अलायन्स' या संघटनेचे व्याख्याते खेडोपाडी फिरत, रात्री शाळेच्या खोलीत शेतकऱ्यांना जमवून हिशेब समजावून सांगत. १८८७ मध्ये चार्ल्स मॅक्यून यांच्या नेतृत्वाखाली डॅलस येथे शेतकऱ्यांचे सहकारी विनिमयगृह स्थापन झाले. कापूस एकत्र विकावयाचा आणि बी-अवजारे एकत्र घ्यावयाची, अशी योजना. सभासदांनी सामुदायिक हमीची कर्जखते लिहून दिली. बँकांनी ती स्वीकारण्यास नकार दिला. हजारो शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, तरीही १८८९ मध्ये संस्था बुडाली. सहकाराचे तत्त्व चुकले नव्हते. हंगामाच्या आरंभी लागणारे भांडवलच तिच्याजवळ नव्हते.

या अपयशातून मॅक्यून यांनी जो निष्कर्ष काढला, तो शेती-अर्थशास्त्राच्या इतिहासातील महत्त्वाचा विचार आहे. डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईच्या अधिवेशनात त्यांनी योजना मांडली. सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे बांधावीत. शेतकऱ्याने न नासणारा माल तेथे ठेवावा. त्या दिवशीच्या भावाच्या ८० टक्के रक्कम त्याला नाममात्र व्याजाने मिळावी आणि वर्षभरात त्याला योग्य वाटेल तेव्हा त्याने माल विकावा. सुगीत सगळेच एकदम विकतात म्हणून भाव पडतो, आणि व्यापारी तोच माल नंतर चढ्या भावाने विकतो. शेतकऱ्याला थांबण्याची ताकद द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या काळी या योजनेची यथेच्छ टिंगल झाली.

या मागण्या घेऊन ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे 'पीपल्स पार्टी' उभी राहिली. त्या वर्षीच्या निवडणुकीत तिच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते पडली. चार वर्षांनी मात्र पक्षाने आपला सारा भार डेमोक्रॅटिक पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यावर टाकला. जुलै १८९६ मध्ये याच शिकागोत त्यांनी चांदीच्या बाजूने जे भाषण केले, ते अमेरिकेच्या राजकीय वक्तृत्वात अजरामर मानले जाते. गोदामे, सहकार, पतपुरवठा हे सारे मागे पडले आणि सगळी निवडणूक चांदीच्या एका प्रश्नावर लढली गेली. ब्रायन हरले, पक्ष विरघळला.

पराभवाचे दुसरे कारण अधिक खोल होते. दक्षिणेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची स्वतंत्र 'अलायन्स' १८८६ मध्येच निघाली होती. दोघांचा दुकानदार एकच, दोघांची वही एकच, तरी संघटना दोन! काही ठिकाणी गोरे-काळे एकत्र मत देऊ लागले, तेव्हा धनिकांनी वर्णद्वेषाची आग पेटवली आणि गोरा शेतकरी आपल्या कर्जदार बांधवाला सोडून आपल्या कर्जदात्याच्या बाजूला गेला. ज्या १८९६ साली ब्रायन हरले, त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीच्या डब्यातील वर्णभेदावर शिक्कामोर्तब केले. आपल्या गावातील भावकी, जात आणि वस्ती यांच्या भिंतींकडे पाहणाऱ्याला हा प्रसंग परका वाटणार नाही. ज्या गावात पाणवठा, मंदिर आणि स्मशान एक झालेले नाही, तेथे गोदाम एक कसे होणार?

हरलेल्यांचा कार्यक्रम मात्र मेला नाही. १९१३ मध्ये आयकर आणि सिनेटची प्रत्यक्ष निवडणूक आली. १९१६ मध्ये गोदाम कायदा आणि शेतीकर्जाचा कायदा झाला, १९२२ मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी विक्रीसंघांना संरक्षण मिळाले, आणि १९३३ च्या महामंदीत सरकारने मालतारणावर कर्ज देणारे महामंडळच स्थापन केले. ज्याची टिंगल झाली होती, ती मॅक्यून यांची कल्पना ४४ वर्षांनी राजमान्य झाली.

आता आपल्या जिल्ह्यात या. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. लातूरच्या बाजारात सोयाबीनला जो भाव मिळतो, त्यावर ब्राझील आणि अमेरिकेतील पीक, खाद्यतेलावरील आयातशुल्क आणि शिकागोच्या धान्यबाजारातील सौदे यांचा प्रभाव असतो. कळंबच्या शेतकऱ्याचा शिकागोशी संबंध असा रोजचा आहे, त्याला त्याची कल्पना असो वा नसो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि सुगीत बाजारात भाव होता चार हजारांच्या आसपास. ओलाव्याच्या टक्केवारीवरून केंद्रांवर वाद झाले ते वेगळेच. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने परांडा-भूम परिसरात उभे पीकच पाण्याखाली गेले.

अशा वेळी कर्जमाफीची मागणी होणे स्वाभाविक आहे आणि आपद्‌ग्रस्ताला साहाय्य मिळालेच पाहिजे. सुप्याच्या होळीत वही जळली, पण दुसऱ्या वर्षी नवी वही उघडावी लागली, कारण पेरणीसाठी पैसा देणारा दुसरा कोणी नव्हता. माफीचेही तसेच आहे. २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाने आहेत, आणि तरीही मासिक शेकडा तीन, पाच दराने व्यवहार चालूच आहेत. सहकारी संस्थांनी या जिल्ह्यात चांगले दिवस पाहिले, आणि राजकारणाच्या आखाड्यात त्यांची जी दशा झाली तीही जिल्ह्याने पाहिली. ढोकीच्या तेरणा कारखान्याचे नाव काढले की जुन्या सभासदांना काय वाटते, ते त्यांनाच विचारावे.

खेदाची गोष्ट ही की, मॅक्यून यांनी मागितलेली सोय आपल्याकडे कागदावर गेली तीन दशके उपलब्ध आहे. राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवते. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवावा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. २००७ च्या कायद्याने गोदाम पावतीलाही तारणाचा दर्जा दिला आहे. तरीही दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात ट्रॅक्टरांची रांग लागते, ती माल ठेवण्यासाठी नसते, मिळेल त्या भावाला घालण्यासाठी असते.

कारणे उघड आहेत. रब्बीची पेरणी, मुलांची फी, सण आणि उसनवारी एकाच पंधरवड्यात येतात. ज्याच्याकडे आठ-दहा पोती आहेत, त्याला एकट्याने वाहन करणे परवडत नाही. माल वाळवून, चाळून आणण्याची सोय गावात नसते. कित्येकांना योजनेचे नावही ठाऊक नाही, आणि ज्या समितीला आडत हवी आहे तिला ते सांगण्याची घाई नसते. हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, थांबल्याने भाव वाढतोच असे नाही. २०२१ च्या उन्हाळ्याअखेरीस सोयाबीन दहा हजारांवर गेले होते. त्या आशेने पुढील दोन वर्षे माल राखून ठेवणाऱ्यांचे हात पोळले. तारण योजनेने भाव ठरवण्याची सत्ता मिळत नाही, विकण्याचा दिवस निवडण्याची मुभा मिळते. सगळा माल न ठेवता निम्मा ठेवणे शहाणपणाचे.

साधा हिशेब पाहावा. दहा क्विंटल सोयाबीन चार हजारांच्या भावाने ४० हजारांचे. त्यावर तारण ३० हजार, सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये. तेच ३० हजार शेकडा तीनने सावकाराकडून घेतले तर सहा महिन्यांचे व्याज ५,४००, आणि माल तर विकून गेलेलाच. एका गावातील २५ शेतकऱ्यांनी प्रत्येकी दहा क्विंटल एकत्र केले तर २५० क्विंटल होतात, म्हणजे दोन-तीन मालमोटारी. एवढ्या मालासाठी चाळणी यंत्र गावात बोलावता येते आणि ओलावा मोजण्याचे यंत्रही परवडते. गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पाट्या लागल्या आहेत. त्यांतील जितक्या खरोखर चालू आहेत, त्यांच्याकडून हे काम करून घेता येईल.

यासाठी प्रचंड सभा लागत नाहीत. अलायन्सचे व्याख्याते रात्री शाळेच्या खोलीत बसत, तसे आपल्या कार्यकर्त्याला मारुतीच्या पारावर पंधरा-वीस माणसांसह बसता येईल. त्यात सर्व वस्त्यांतील खातेदार असावेत, हे पाहण्याची जबाबदारी बैठक बोलावणाऱ्याची. सोयाबीन काढणीला येण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे गणपती उठण्याच्या सुमारास, बाजार समितीत जाऊन तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: तारणासाठी गोदामात किती जागा राखून ठेवली आहे, निधीची मागणी पणन मंडळाकडे गेली आहे काय, आणि मागील हंगामात किती शेतकऱ्यांना लाभ दिला. उत्तरे हाती आली की ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. काढणीच्या दिवसांत पुन्हा एकदा त्याच गोदामात जाऊन, राखून ठेवलेल्या जागेत प्रत्यक्षात कोणाचा माल पडला आहे, तेही पाहून यावे.